जामीन

आधी आजोबांची खुर्ची गेली.
ईस्लेवूर, मार्गदर्शक, न्यूयॉर्क ते केफ्लाविक.
रात्री स्टुलावर चढून
छतातल्या काचेच्या घुमटातून तारे मोजायचे,
कानावर पेन्सिल, खिशात सुका मासा.
मग पावाच्या डब्याएवढी एक पेटी आली.
तिला तारे लागत नव्हते.
आजोबा बंदरावर गेले, माशांची वजनं लिहायला.
ढगाळ रात्री शांत झोपायचे;
आभाळ निवळलं की उठून बसायचे.

मग बाबांची.
स्टेनथोर, फ्लाइट इंजिनिअर. वैमानिकांच्या पाठीमागे
भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस.
अख्खी भिंत तबकड्यांची,
आणि बाबा डोळे मिटून सांगायचे
तिसऱ्या इंजिनाचं तेल कमी झालंय.
एका हिवाळ्यात नवी विमानं आली,
त्यांत ती भिंतच नव्हती.

लोक म्हणतात, खुर्ची सुटत नाही.
आमच्या घरात सुटते.

आमच्याकडे आडनाव नसतं, बापाचं नाव लावतात.
मी सोलरून, स्टेनथोरची मुलगी.
उजवी खुर्ची, बारा वर्षं.
ज्येष्ठतेच्या यादीत दोनशे चौदावी लागले,
चढत चढत एकसष्टावर आले.
एका गुरुवारी डब्लिनच्या गेटवर
प्रवाशांना आधी कळलं, मग आम्हाला:
कंपनी बुडाली.
एकसष्ट हा नुसता आकडा उरला,
बुटाच्या मापाएवढाही कामाचा नाही.
दुसरीकडे जा, पुन्हा तळापासून.

आता कोपनहेगनबाहेरच्या एका शेडमध्ये
मनगटाला वायरी लावून
मी दिवसाला चाळीस वेळा उतरते.
खिडकीतलं केफ्लाविक खोटं,
आडवा वारा खोटा,
घाम तेवढा माझा.
यंत्र माझे हात बघून शिकतं.
एक तरुण पोरगी अदबीने विचारते,
झोत येण्याआधीच डावा पाय कसा दाबलात?
मी म्हणते, माहीत नाही.
ती लिहून घेते: माहीत नाही.

पुढेमागे एकच खुर्ची ठेवायचा विचार आहे म्हणे.
दुसरी जमिनीवर,
दहा विमानांत मिळून एक.
कॉफी चांगली असते त्यांच्याकडे.

आणि आज रविवारी काउरी आलाय, भावाचा मुलगा,
एकोणीस वर्षांचा, ओठावर दुधी मिशी.
वैमानिक-शाळेचं कर्ज, जामिनाचा कागद.
माहितीपत्रकात लिहिलंय:
जगाला वैमानिक कमी पडताहेत, जुने निवृत्त होताहेत.
खरंच आहे ते.
मी शेडमध्ये करते तेही खरंच आहे.
दोन्ही खरं कर्जाच्या एकाच कागदावर कसं मावायचं
हे बँकेने छापलेलं नाही.

तो विचारतो, आत्या, किती वर्षं टिकेल?
मी त्याला डब्लिन सांगते. व्याज सांगते.
पहाटे चारची हॉटेलं, न लागणारी झोप.
मग, नको असताना, ग्रीनलंडवरची ती सकाळ सांगून बसते,
बर्फावर आमचीच सावली, तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं,
आणि तिथेच माझं सगळं बोलणं वाया जातं.

नातं: आत्या.
व्यवसाय:
पेन थांबतं.
बाबा फ्रिजकडे कान लावून बसलेत.
मान न वळवता म्हणतात,
लिही ना, वैमानिक. विचारायला येतंय कोण?

रकाना आखूड होता. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

काउरीने कागद जॅकेटच्या आत घातला, सायकल काढली.
खिडकीतून मी बघत होते.
कोपऱ्यावर, मासळीच्या गोदामाची भिंत संपते तिथे,
समुद्राकडून झोत येतो,
नवखा माणूस हमखास आडवा होतो.
पोरगा भिंत संपायच्या आधीच
डावीकडे कलला.

कॉम्प्रेसर जाणार याचा,
बाबा म्हणाले, फ्रिजवर हात ठेवून.
महिनाभर काढेल फार तर.